दुसऱ्या मजल्यावरची वस्तीशाळा

चूक माझीच होती, हे आधी सांगून टाकते. आमच्या खात्यात चूक शोधणारे पुष्कळ आहेत. सुधारू शकणारा एकच असतो, आणि त्याची जागा रिक्त असते.

मी मृण्मयी. शेंद्र्याच्या पुढं, कारखान्यांच्या मोठ्या रस्त्यापासून तीन किलोमीटर आत ढगेवस्ती आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी अकरा वर्षं शिकवते. दोन खोल्या, एक हापसा, दारात कडुलिंबाचं झाड, सतरा मुलं आणि दोन शिक्षक, एवढीच आमची शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडं. तिसरी-चौथी मुख्याध्यापक बद्रीनाथ सरांकडं, असं म्हणायचं, कारण आठवड्यातले चार दिवस सर खात्याला माहिती पाठवण्यात घालवतात. शाळेत किती झाडं आहेत, किती ताटं आहेत, किती मुलांनी हात धुतले, धुतानाचा फोटो, धुतल्यानंतरचा फोटो. फोटो पाठवायला सर शाळेपासून दोनशे मीटरवरच्या पाण्याच्या टाकीवर चढतात, कारण वस्तीवर मोबाइलची रेंज फक्त तिथंच येते. तीही एक काडी.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी दीड वाजता ग्रुपवर निरोप आला. आज सायंकाळी पाचपर्यंत शाळेचं लोकेशन ॲपवर न भरणाऱ्यांची गय केली जाणार नाही. सर तेव्हा कन्नडला साडूच्या मुलाच्या हळदीला गेले होते. त्यांचा फोन आला.

"मॅडम, तेवढं तुमी भरून टाका ना. इथं डीजेच्या आवाजात मला काय बी दिसंना."

उन्हात चोवीस किलोमीटर गाडी हाणायची, साडी खोचून टाकीवर चढायचं आणि एका काडीची वाट बघत बसायचं, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मी शहरात, उस्मानपुऱ्यात आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसले होते. ॲपवर बटण होतं, 'सध्याचं ठिकाण घ्या'. मी म्हटलं, आता दाबून ठेवू, सोमवारी शाळेत गेल्यावर बदलू. दाबलं. हिरवी खूण आली आणि खाली ओळ उमटली, 'माहिती कायमस्वरूपी जतन झाली.'

कायमस्वरूपी. आमच्या खात्यात हापसा कायमस्वरूपी चालत नाही, शिक्षक कायमस्वरूपी मिळत नाही, पण ही माहिती मात्र कायमस्वरूपी झाली. नकाशा मोठा करून पाहिला, तर ढगेवस्तीची शाळा आमच्या बैठकीच्या खोलीत, सोफा आणि फ्रिज यांच्या मधोमध उभी होती.

मार्चपासून हजेरीचा नियम आला. शिक्षकांनी शाळेच्या पन्नास मीटरच्या आत उभं राहून स्वतःचा फोटो काढायचा, तरच हजर. सर राहायला शेंद्र्यात, म्हणजे शाळेच्या अगदी उशाशी. तरी ते रोज सकाळी मोटरसायकलवर वीस किलोमीटर उस्मानपुऱ्याला यायला लागले. दोन जिने चढून फ्रिजशेजारी उभे राहायचे, फोटो काढायचे, माझ्या सासूबाईंच्या हातचा चहा घ्यायचे, आणि मग आम्ही दोघं आपापल्या गाडीवर परत शेंद्र्याकडं निघायचो. सर रोज सकाळी नटूनथटून उस्मानपुऱ्यात कुणाच्या घरी जातात, हे त्यांच्या घरी पटवायला सासूबाईंना फोनवर साक्ष द्यावी लागली.

सासऱ्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. अनंतराव, माझे सासरे, याच शिक्षण विभागातून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालेत. चौतीस वर्षं त्यांनी एकही कागद चुकीच्या फायलीत जाऊ दिला नाही. त्यांच्या सुनेनं अख्खी शाळा चुकीच्या फ्लॅटमध्ये लावली, हे कोणत्या तोंडानं सांगणार? सर पेपर वाचायला येतात, अशी आम्ही थाप मारली होती.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. जुलैत पत्र आलं. ढगेवस्ती शाळेचा पट वीसपेक्षा कमी असून एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा उपलब्ध आहे, सबब ही शाळा बंद करून मुलं त्या शाळेत समायोजित करण्यात येत आहेत. दुसरी शाळा होती आमच्या घरापासून चारशे मीटरवर, उस्मानपुऱ्यातली. मुलं होती चोवीस किलोमीटरवर. ढगेवस्तीला खरोखर जवळची शाळा म्हणजे मोठ्या रस्त्यापलीकडच्या गावातली. त्या रस्त्यावरून दिवसभर कंटेनर धावतात आणि ओलांडायला ना पूल आहे ना सिग्नल.

नेमक्या त्याच आठवड्यात संस्कृती वाचायला लागली होती. दुसरीतली पोरगी. पहिलीचं अख्खं वर्ष तिनं तोंड उघडलं नाही. मी पाटीवर काढून दाखवलं, ठोकळे मांडले, जवळ घेऊन बसले, रागावलेसुद्धा. मग एके दिवशी हापशावर पाणी पिताना तिनं खताच्या रिकाम्या गोणीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "न-त्र." वर माझ्याकडं बघितलं, जणू गोणीच तिच्याशी बोलली होती. त्या दिवसापासून तिला दिसेल ते वाचायचा नाद लागला. टेम्पोची पाठ, बिस्किटाचा पुडा, सरांच्या शर्टाचा शिक्का. एकेका अक्षरावर बोट ठेवून जायची आणि जोडाक्षर आलं की गतिरोधकावर गाडी थांबावी तशी थांबायची.

तिची आजी आवडाबाई पत्राची बातमी ऐकून शाळेत आली. संस्कृतीचे आईबाप दोघंही कारखान्यात पाळीवर जातात, घरचा सगळा कारभार आवडाबाईचा.

"बाई, त्या रोडला माणूस जीव मुठीत धरून जातंय," ती म्हणाली. "मह्या नातीला मी नाय पाठवायची तिकडं. शाळा बंद झाली तर झाली. शेळ्या हायेत घरी, वळंल त्याच."

संस्कृती आजीच्या पदराला धरून उभी होती आणि पदराच्या काठावर छापलेलं कंपनीचं नाव वाचत होती. मला रात्रभर झोप लागली नाही. एक बटण मी दाबलं होतं आणि त्यापायी ही पोर शेळ्यांमागं जाणार होती.

दुसऱ्या दिवशी मी शिक्षण विभागात गेले. फायलींच्या ढिगामागं अभय म्हणून एक तरुण कर्मचारी बसतो. चार टेबलांचं काम त्याच्या एका टेबलावर आहे. मी सरळ चूक कबूल केली.

"ठिकाण बदलता येतं," तो म्हणाला.

मी त्याच्या पाया पडायचीच बाकी राहिले.

"पण आधी प्रत्यक्ष पडताळणी होईल. साहेब नोंदवलेल्या ठिकाणी येतील, तिथं शाळा असल्याची खात्री करतील, आणि मग तुम्ही स्थलांतराचा अर्ज भरायचा."

"अहो, पण तिथं शाळा नाहीच. तिथं आमचा फ्रिज आहे."

"मग 'शाळा आढळली नाही' असा शेरा पडेल, आणि शाळेचा नंबर कायमचा रद्द होईल." तो हे वाईट हेतूनं बोलत नव्हता. त्याचे डोळे तांबारले होते आणि डबा दोन वाजले तरी उघडलेला नव्हता. "मॅडम, मी काय करू? तीनशेच्या वर शाळा आहेत माझ्याकडं. तुमची निदान जमिनीवर तरी आहे. एक धरणात आहे."

संध्याकाळी चहाच्या वेळी मी सासऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली. उठले, सोफा आणि फ्रिज यांच्यामधल्या जागेत जाऊन उभे राहिले आणि पायाखालची फरशी निरखू लागले. मला वाटलं, आता वीज कोसळणार.

"इतक्या वर्षांनी खातं स्वतः घरी आलं," ते म्हणाले. त्यांचा आवाज चक्क भरून आला होता.

"बाबा, अहो शाळा बंद होतेय."

"कशी होईल? तो मुलगा म्हणतो ते नियमाला धरून आहे. जी वस्तू एका जागी नाही, ती तिथून हलवणार कशी? आधी शाळा इथं आहे हे सिद्ध झालं पाहिजे. मग ती इथून तिथं नेता येईल." त्यांनी खिशातून पेन काढलं. "पडताळणीची यादी आण."

यादी चाळीस मुद्द्यांची होती. पुढचे आठ दिवस आमच्या घरात जे चाललं, त्याला लग्नघरसुद्धा लाजेल. सासऱ्यांनी क्रांती चौकाजवळून फ्लेक्स छापून आणला, 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ढगेवस्ती', आणि दारावर टांगला. पिण्याचं पाणी, आहे. वीज, आहे. मुलांसाठी व मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, आहे. दोन्ही बाथरूमच्या दारांवर कागद चिकटले.

"मग मी कुठं जायचं?" यमुनाबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कमरेवर हात ठेवून विचारलं.

"तू मुली," सासरे यादीतून डोकं वर न काढता म्हणाले.

बाल्कनीतल्या कढीपत्त्याची आणि तुळशीची परसबाग झाली. खालच्या पार्किंगचं मैदान झालं. अपंग विद्यार्थ्यांसाठी उतार हवा होता, तेव्हा उंबऱ्यावर इस्त्रीची फळी आडवी पडली. दोन जिन्यांचं काय, असं मी विचारलं, तर यादीत जिन्याचा उल्लेख नाही, असं उत्तर मिळालं. देवेश, माझा नवरा, कंपनीतून घरी आला, दारावरचा बोर्ड बघून 'सॉरी' म्हणाला आणि खाली उतरून गेला. पार्किंगमधून त्याचा फोन आला, आपण नक्की राहतो कुठं?

पडताळणीच्या दिवशी वस्तीवरच्या कडुबाच्या टेम्पोतून सतरा मुलं आली. कडुबा एरवी त्याच टेम्पोतून फ्लॉवरचे गड्डे मार्केटला नेतो, त्यामुळं मुलांच्या केसांत अजून हिरवा पाला होता. सोबत आवडाबाईही आली, नात एकटी कशी सोडायची म्हणून. जिने चढून वर आल्यावर तिनं बोर्डाकडं बघितलं, सोफ्याकडं बघितलं आणि सासूबाईंना विचारलं, "ही शाळा तुमच्यात कवापासून हाय?"

"फेब्रुवारीपासून," सासूबाई म्हणाल्या. "बसा, चहा टाकते."

अकरा वाजता विस्तार अधिकारी तात्यासाहेब आले. आपल्या एका भागाबरोबर रिकाम्या पडलेल्या तीन भागांचा चार्जही त्यांच्याकडं. कधीकाळी फाइल पुढं सरकावी म्हणून ते अनंतरावांच्या टेबलासमोर तासन्‌तास उभे राहिलेले. आज अनंतराव दारात हात जोडून उभे होते. तात्यासाहेबांनी बूट काढले, फळीवरून सांभाळून पाऊल टाकलं आणि आत आले. मुलं जमिनीवर रांगेत बसली होती. मी मागं उभी होते.

"हे काय?" त्यांनी सोफ्याकडं बोट केलं.

"आसनव्यवस्था," सासरे म्हणाले.

"आणि हा टीव्ही?"

"डिजिटल वर्गखोली."

तात्यासाहेबांनी मोबाइलवर खूण केली. फ्रिज म्हणजे थंड पिण्याचं पाणी. सासऱ्यांचं कपाट म्हणजे ग्रंथालय. स्वयंपाकघरात सासूबाईंनी सतरा मुलांची खिचडी केली होती, वर तूप घातलं होतं, सोबत लिंबाचं लोणचं. पोषण आहाराच्या मुद्द्यापुढं तात्यासाहेबांनी नुसती खूण केली नाही, दोन ताटं खाल्ली. बद्रीनाथ सर त्यांना पाणी देत होते.

जेवण झाल्यावर तात्यासाहेब हळूच माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"मॅडम, लिंब अजून आहे का दारात?"

मी दचकले. "कुठला लिंब?"

"ढगेवस्तीचा. पाच वर्षांमागं आलो होतो मी. तुम्ही तेव्हा प्रशिक्षणाला गेला होतात."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?" माझा आवाज चढला, सासरे बघायला लागले. "मग लिहा ना तसं! शाळा आहे, ढगेवस्तीला आहे, मॅडमनं गाढवपणा केलाय, लिहा!"

"कुठं लिहू?" त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. "बघा, इथं दोनच पर्याय आहेत. 'आहे' आणि 'नाही'. 'आहे, पण दुसरीकडं' असा पर्याय ठेवलेला नाही."

मग ते मुलांसमोर खाली बसले. गुडघे वाजले. म्हणाले, नऊ वर्षं झाली, तपासणीत कुठल्या मुलाला वाचायला लावलं नाही, यादीत त्याचा रकाना नाही. आणि समोरच्या संस्कृतीला विचारलं, "काय वाचशील?"

तिनं उघड्या दारातून उलट्या बाजूनं दिसणारा बोर्ड बघितला, उठून बाहेर गेली आणि बोट ठेवून वाचायला लागली. "जिल्हा" ला थांबली, पुढं गेली. "परिषद". "प्राथमिक" ला जरा जास्त थांबली, मग तेही ओलांडलं. "शाळा, ढगेवस्ती." मग वळून तात्यासाहेबांना म्हणाली, "सर, ही शाळा हाय?"

"हो."

"मंग आपली तिकडची कोन हाय?"

तात्यासाहेबांनी मोबाइल पुन्हा समोर धरला. मग त्यांनी 'आहे' वर बोट टेकवलं. उस्मानपुऱ्यात रेंज पूर्ण असते. फोटो एका क्षणात गेला.

आठ दिवसांनी निकाल आला. शाळेला अ श्रेणी. चाळीसपैकी अडतीस गुण. गुणवत्ता विचारात घेता शाळा बंद करण्याचा आदेश मागे घेण्यात येत आहे. बद्रीनाथ सरांनी वस्तीवर पेढे वाटले. आवडाबाईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मी त्याच दिवशी टाकीवर चढून स्थलांतराचा अर्ज भरला आणि खाली उतरेपर्यंत उत्तरही आलं. अर्ज नामंजूर. अ श्रेणीतील शाळेचं स्थलांतर करता येणार नाही.

"बरोबरच आहे," सासरे म्हणाले. "इतकी चांगली शाळा कोण हलू देईल?" ते रोज सकाळी दहाला फ्रिजशेजारी उभं राहून घंटा वाजवायला लागले होते.

आणि पाठोपाठ तिसरं पत्र. ढगेवस्ती येथे शाळेच्या नावानं विजेचं बिल येत असल्याचं निदर्शनास आलं आहे. मूळ शाळा उस्मानपुरा येथे सुस्थितीत सुरू असल्यानं ढगेवस्ती येथील वर्ग अनधिकृत ठरतात. सबब पंचनामा करून सदर जागेस कुलूप लावावं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ना, तसं. फरक इतकाच की इथं बंबानं सोमेश्वर वाचवला आणि वर रामेश्वरलाच आग लावली होती.

मी अभयपुढं जाऊन भांडले. टेबलावर हात आपटला, फायली घसरल्या, दोघांनी मिळून गोळा केल्या. तो सारखं एकच म्हणत होता, "पण मॅडम, तुमची शाळा वाचली ना?" त्याला खरंच कळत नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याच्या कागदांनुसार तो चूक नव्हता.

कुलपाच्या दिवशी सकाळीच सगळी वस्ती लिंबाखाली जमली. तात्यासाहेब मोटरसायकलवर आले. पिशवीत पितळी कुलूप, खळीचा डबा आणि छापील नोटीस. आवडाबाईनं त्यांना पुढं येऊ दिलं आणि मग तोंड उघडलं.

"साहेब, त्या दिशी आमच्यासंगं मांडीला मांडी लावून खिचडी खाल्ली तुमी. अन् आज कुलूप?"

"आदेश आहे, मावशी."

"कुनाचा?"

तात्यासाहेबांनी वर बघितलं, मग पिशवीकडं. ते दाराशी गेले, खळ लावली आणि नोटीस चिकटवली. मुलं लिंबाला टेकून बघत होती. बद्रीनाथ सरांनी डोळ्यांना रुमाल लावला. इथं अकरा वर्षं, आणि संपायला एक पितळी कुलूप पुरे होतं.

"आता उघड्या दाराचा फोटो," तात्यासाहेब म्हणाले. "मग कुलपाचा. दोन्ही याच जागेवरून, दहा मिनिटांच्या आत गेले पाहिजेत. नाहीतर कुलूप बेकायदेशीर ठरतं." त्यांनी फोटो काढला आणि मोबाइल वर धरला. मग आणखी वर. मग हापशाच्या ओट्यावर चढून धरला.

"तिथं नाय येत," सर हळूच म्हणाले. "टाकीवर येती. एक काडी."

तात्यासाहेब टाकीवर गेले. फोटो पाठवला. ॲपनं नाकारला, कारण टाकी दोनशे मीटर लांब. परत दाराशी आले, परत फोटो, परत टाकी. तीन खेपा झाल्या. टाकीवर रेंज होती पण कुलूप नव्हतं, दारात कुलूप होतं पण रेंज नव्हती. घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. शेवटी ते पायरीवर बसले, सरांनी हापसून दिलेलं पाणी प्यायले आणि कुलूप पिशवीत टाकलं.

"आज नाही लावता येत," ते म्हणाले. "रेंज आली की कळवा."

पाच वर्षांमागं ते इथं आले होते, तेव्हाही टाकीवर चढावंच लागलं असणार. म्हणजे आज सकाळी घरून निघतानाच त्यांना हे ठाऊक होतं का? माझ्या ओठांवर प्रश्न आला होता. पण काही प्रश्न विचारले की त्यांचा रकाना तयार होतो, म्हणून मी गप्प बसले. त्यांनी मोटरसायकलला किक मारली, लिंबाकडं एकदा बघितलं आणि गेले.

टॉवरसाठी वस्तीनं चार वर्षं अर्ज केले होते आणि कंपनीला आवडाबाईच्या बांधावरची जागा पसंत पडली होती. आवडाबाई तिथंच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "टावरवाले आले तर बांधाला पाय लावू देनार नाय मी. रेंज बिंज काय नको आपल्याला." चार वर्षं अर्ज लिहिणारे बाप्येही मान हलवून 'हाव' म्हणाले.

"पर कागदावर काय लिवलंय, ते तरी सांगा," मागून कुणीतरी म्हणालं. सर चष्मा शोधायला लागले. तेवढ्यात संस्कृती लिंबाखालून निघाली, दाराशी गेली आणि ओल्या नोटिशीवर बोट ठेवलं.

"सदर ठि-का-णी," ती वाचायला लागली. "कोणतीही शाळा..." पुढचा शब्द मला माहीत होता. दोन दोन गतिरोधक. ती थांबली. ओठ नुसते हलले. आवडाबाईनं पदर तोंडाशी धरला. "अ-स्ति-त्वा-त," पोरगी म्हणाली, मग मागं जाऊन सगळं सलग वाचलं. "सदर ठिकाणी कोणतीही शाळा अस्तित्वात नाही." बोट खालच्या ओळीवर गेलं. आता तिला वेग आला होता. "येथे कोणतेही अध्यापन होत नाही."

वस्तीनं टाळ्या वाजवल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आवडाबाई रडत होती आणि हसत होती. संस्कृती कुणाकडंच बघत नव्हती. बोट तसंच कागदावर ठेवून तिनं मला विचारलं, "बाई, बरोबर वाचलं का?"

मला राग आला होता आणि रडूही येत होतं.

"बरोबर," मी म्हणाले. "एक अक्षरही चुकलं नाहीस."